माधवचं पाणी

माझे वडील फौजेत होते असं शाळेत सांगितलं की मुली विचारायच्या, "बंदूक चलाते थे?" मी म्हणायचे, नाही, पूजा करायचे. मग सगळ्या हसायच्या आणि मी घरी येऊन अण्णांवर फुगून बसायचे, जणू माझी फजिती करायलाच त्यांनी ती नोकरी धरली होती. पलटणीत एक धर्मगुरू असतो. जवानांचे सणवार तो बघतो, लढाईवर निघण्याआधी हत्यारांना कुंकू लावतो आणि कुणी गेलं की शेवटचे मंत्रही तोच म्हणतो. वीस-बावीस वर्षं अण्णांनी हे केलं. निवृत्त होऊन ते बनारसला ब्रह्माघाटावरच्या आमच्या दोन खोल्यांत परत आले ते एक ट्रंक, पितळी बटणांचा कोट आणि एकसष्ट नावं घेऊन. ज्या एकसष्ट जवानांच्या शेवटाला ते स्वतः उभे होते, त्यांची ती नावं. कागदावर कुठे नव्हती, सगळी तोंडपाठ. छावणीतल्या स्मारकापाशी दरवर्षी कार्यक्रम व्हायचा, पुष्पचक्रं, बिगुल, दोन मिनिटं शांतता, आणि शेवटी शांतिपाठ म्हणायचा मान अण्णांचा. आदल्या दिवशी आई कोळशाच्या इस्त्रीनं तो कोट कडक करून ठेवायची आणि पुटपुटायची, "लग्नात सुद्धा एवढी इस्त्री नव्हती." अण्णा हसायचे. पण त्या कार्यक्रमावर त्यांचं समाधान नसे. "दगडावर नाव कोरलं, बिगुल वाजवला, सगळं ठीक," ते म्हणायचे. "पण तहान कोण भागवणार त्यांची?"

म्हणून सर्वपित्री अमावास्या. पितृपंधरवडा येतो तो आमच्याकडे पूर ओसरता ओसरता. गंगा वर चढलेली असते, ती खाली उतरताना घाटावर हातभर गाळ ठेवून जाते. पंप लावून पाइपानं तो गाळ धुताहेत, नाववाले एकमेकांना शिव्या देताहेत, वेदशाळेच्या खिडकीतून मुलांची संथा चालू आहे आणि गल्लीत कचौडीच्या तेलाचा वास, अशी ती सकाळ असायची. अण्णा धुतलेल्या पायरीवर दक्षिणेला तोंड करून बसायचे, जानवं उजव्या खांद्यावर, बोटात दर्भ, समोर तांब्याचं ताम्हण आणि काळे तीळ. आधी आमचे स्वतःचे पितर व्हायचे, मग हे एकसष्ट. नाव, गोत्र, आणि अंगठा नि तर्जनीच्या मधून हात कलता करून तीनदा पाणी. त्यांत हवालदार जोसेफ होता, नायक करीमबक्ष होता, गढवाली होते, गोरखे होते. घाटावरचे बाकीचे भटजी मजा बघायचे. "काय हो पंडितजी, जोसेफला गोत्र कुठलं लावलंत?" अण्णा मान वर न करता सांगायचे, "काश्यप. ज्याचं गोत्र माहीत नाही त्याचं काश्यप. तुमच्याच पोथीत आहे, उघडून बघा कधीतरी."  शेवटचं नाव शिपाई तेजबहादूरचं. ते झालं की अण्णा ताम्हण पालथं घालायचे आणि वर, चार पायऱ्यांवर बसलेली इंदूकाकू पदर सावरून उठायची.

इंदूकाकू आमच्या समोरच्या घरात राहायची, मधे फक्त गल्ली, आणि गल्ली म्हणजे काय, आमच्या खिडकीतून तिच्या खिडकीत वाटी देता यायची. नवरा लवकर गेला. वेदशाळेच्या मुलांच्या पोळ्या लाटून तिनं एकुलत्या एका माधवला वाढवलं. त्याला वेदशाळेत घातलं खरं, पण त्याचं बूड तिथे ठरायचं नाही. संथा चालू असताना हा पठ्ठ्या गंगा पोहून पलीकडच्या वाळूत. अण्णा सुट्टीवर आले की हा त्यांच्या मागे मागे. शेवटी अण्णांनीच शब्द टाकला आणि त्याला भरतीला घेऊन गेले. काकू तेव्हा म्हणाली होती, "भावजी, घेऊन तुम्ही जाताय, आणूनही तुम्हीच द्यायचा." असं आई सांगायची. मला माधवदादा आठवतो तो मला खांद्यावर बसवून कचौडी-जिलेबी खायला नेणारा. फौज श्रीलंकेत गेली तेव्हा त्याची पलटणही गेली. गस्तीची तुकडी एका पहाटे परत आली, तो आला नाही. कागद आला, त्यावर लिहिलं होतं 'लापता'.

त्या एका शब्दावर काकू जगत होती. लापता म्हणजे पत्ता नाही एवढंच, माणूस नाही असं कुठे म्हटलंय, असं ती पोस्टमनलाही समजावायची. महापालिकेनं गल्लीतल्या घरांचे नंबर बदलले तेव्हा तिनं नव्या नंबराखाली जुना नंबर परत रंगवून घेतला, कारण माधवला जुनाच ठाऊक. डोळ्यांत मोतीबिंदू पिकत चालला होता, पण ऑपरेशनचं नाव काढलं की म्हणायची, माधव आला की तो नेईल. आणि सर्वपित्रीला ती घाटावर यायची ती दर्शनाला नाही, पुण्याला नाही. ती यायची पहारा द्यायला. अण्णांनी माधवचं नाव घेता कामा नये. जित्या माणसाला पाणी सोडलं की तो मरतो, अशी तिची खात्री होती, आणि खरं सांगायचं तर आमच्या घाटावर सगळ्यांचीच होती. शास्त्रही तिच्या बाजूनं होतं. परागंदा माणसाची बारा वर्षं वाट पाहायची, मग पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, आणि त्यानंतरच पाणी. अण्णांनी दुसऱ्यांच्या घरी असे पुतळे केले होते. काकू प्रत्येक नाव कान देऊन ऐकायची, आणि तेजबहादूर झाला की तिचा श्वास मोकळा व्हायचा. मला लहानपणी त्यात काही वाटायचं नाही. आता मी तिच्या वयाची होत आले आणि ती पायरी आठवली की जेवण जात नाही.

ज्या वर्षाचं सांगतेय त्या वर्षी मी सोळा-सतरा वर्षांची होते आणि माझ्या जिभेला हाड नव्हतं. उन्हाळ्यात माधवच्या पलटणीतले एक निवृत्त सुभेदार बायकोला घेऊन काशीयात्रेला आले आणि पत्ता शोधत आमच्याकडे जेवायला आले. साताऱ्याकडचे, भरघोस मिशांचे, एक पाय ओढत चालणारे. आईनं पुरणपोळी केली होती. जेवणानंतर अण्णा त्यांना घेऊन आतल्या खोलीत बसले आणि दार लोटून घेतलं. बाहेर आले तेव्हा सुभेदार आईच्या पाया पडले आणि काकूच्या घराकडे मान न वळवता निघून गेले. अण्णा चार दिवस पोटात दुखतंय म्हणत होते. मला वाटलं पुरण बाधलं.

पुढे पितृपंधरवड्यातच मी एक उद्योग केला. मैत्रिणीबरोबर गोदौलियाला सिनेमा बघायला गेले आणि घरी सांगितलं, केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल होतं. बनारसमध्ये असलं काही लपत नाही. आमच्या दूधवाल्यानं मला तिकिटाच्या खिडकीवर पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी दूध मापता मापता अण्णांना अभिनंदन केल्यासारखं सांगून टाकलं, "बिटिया सनीमा देखै लगी, पंडितजी." अण्णांनी मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी मला देवापुढे उभं केलं, आईच्या आणि माझ्या धाकट्या बहिणीच्या देखत कबूल करायला लावलं, आणि म्हणाले, "सिनेमा पाहिलास त्याचं काही नाही. खोटं बोललीस. खोटं बोलणाऱ्याच्या हातचं पाणी पितरांना पोचत नाही. या वर्षी तिळाला हात लावू नकोस." दरवर्षी तीळ निवडून, धुऊन द्यायचं काम माझं. ते त्यांनी काढून घेतलं आणि बहिणीला दिलं. ही घटना तुम्हाला क्षुल्लक वाटेल. मला तेव्हा वाटलं की मला घरातून काढून टाकलं. तीन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत, आणि मीही कमी नव्हते, मीही बोलले नाही.

अमावास्येला मी घाटावर गेले ती फक्त चिडून, बाजूला पाण्याजवळ जाऊन बसायला. म्हणून मी कधी नव्हे ती अण्णांचं तोंड समोरून दिसेल अशा जागी बसले होते. नावं चालली होती. जोसेफ झाला, करीमबक्ष झाला, तेजबहादूर झाला. वरून काकूच्या बांगड्या वाजल्या, ती उठत होती. आणि अण्णांनी ताम्हण पालथं घातलं नाही. त्यांनी डोळे मिटले, ओठ हलले, आवाज नाही. पळी घेतली, हात उजवीकडे कलता केला आणि पाणी सोडलं. एकदा. दोनदा. तीनदा. मग ताम्हण पालथं पडलं. ते बासष्टावं पाणी कुणाचं हे कळायला मला वेदशाळेत जायची गरज नव्हती. काकूला चार पायऱ्यांवरून फक्त ऐकू यायचं, दिसायचं नाही, आणि अण्णांनी नेमकं त्याचाच फायदा घेतला होता. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण, असं मी मनात म्हटलं, आणि लाज वाटते सांगायला, मला आनंद झाला. सापडले एकदाचे, असं वाटलं.

दुपारी घरी श्राद्धाचा स्वयंपाक होता, तांदळाची खीर, वडे, आमसुलाची चटणी, गवारीची भाजी, कारलं. ब्राह्मण जेवून गेले आणि आईनं काकूचं ताट वाढून माझ्या हातात दिलं. काकू खाटेवर बसून वाती वळत होती. ताट खाली ठेवेपर्यंत तिनं दरवर्षीचा प्रश्न विचारला. "नाही ना घेतलं गं भावजींनी?" दरवर्षी मी नाही म्हणायचे आणि ती पहिला घास खायची. तो प्रश्न नव्हता, तिच्या जेवणाचा नैवेद्यच होता.

मी म्हटलं, "नाव नाही घेतलं. पाणी दिलं."

"म्हणजे?"

"तेजबहादूरनंतर अजून एकदा दिलं. मनातल्या मनात म्हणून. तीनदा. मी समोर होते काकू, मी बघितलं."

तिनं वाती बाजूला ठेवल्या. मला वाटलं ती रडेल, ओरडेल. तिनं विचारलं, "हात कलता केला होता? नक्की?" मी हो म्हटलं. ती उठली, भिंतीला हात लावत जिना उतरली, गल्ली ओलांडली आणि आमच्या दारात येऊन उभी राहिली. मी मागे. अण्णा नुकतेच पानावर बसले होते.

"भावजी, माझ्या माधवला पाणी दिलंत?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी कुणाला सांगू शकत नाही. त्यांना नाही म्हणता आलं असतं. काकूनं त्यांच्याच शब्दावर विश्वास ठेवला असता, एका रुसलेल्या पोरीच्या नाही. ते म्हणाले, "हो, वहिनी."

"बारा वर्षं झाली?"

"नाही."

"पुतळा केला?"

"नाही."

"मग शास्त्र सोडून, मला सोडून, चोरून कसं दिलंत?" तिचा आवाज अजिबात चढला नव्हता. अण्णा पानावरून उठले. त्यांनी तोंड उघडलं, "वहिनी, उन्हाळ्यात एक सुभेदार," एवढंच म्हणाले असतील, आणि काकूनं हात वर केला. "नको. तुम्हाला काही कळलं असेल तर ते तुमच्यापाशी ठेवा. माझ्या दारात आणू नका. माझ्या मुलाला तुम्ही घेऊन गेलात, आता मारूही तुम्हीच नका." ती वळली. आई तिला धरायला गेली, तिनं धरू दिलं नाही. ताट तसंच पडून राहिलं. संध्याकाळी मी ते आणायला गेले तेव्हा खिरीला मुंग्या लागल्या होत्या.

त्या दिवशी आईनं मला गच्चीवर नेऊन सांगितलं. सुभेदारांच्या डोळ्यांदेखत माधव गेला होता. सुरुंग होता. उचलून आणण्यासारखं काही उरलं नव्हतं. तोच स्फोट सुभेदारांच्या पायाला लागला, ते कितीतरी महिने इस्पितळात पडून होते, तोवर कागद लापता म्हणून पुढे गेला होता आणि मग तो कुणी बदललाच नाही. अण्णांना हे कळलं आणि काकूला सांगायची छाती झाली नाही. न सांगता पोराला तहानलेलं ठेवायचीही झाली नाही. "आता तू काय केलंस बघ," आई म्हणाली नाही. म्हणाली असती तर मी भांडले असते, म्हटलं असतं, मी खरं तेच सांगितलं. ती फक्त वाळत घातलेली धोतरं गोळा करत राहिली आणि मी माकडांना हाकलायच्या काठीवर हनुवटी टेकून बसले. खरं बोलल्यामुळे एवढं वाईट होऊ शकतं हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

काकूनं आमच्याशी बोलणं टाकलं नाही. हेच तर जास्त लागलं. ती माझ्याकडून पत्रं वाचून घ्यायची, लोणचं द्यायची. पण माधवबद्दल काही विचारलं की ती आता थांबून बोलायची, आधी कधी थांबायची नाही. जेवण कमी झालं. नव्या नंबराखालचा जुना नंबर पावसानं पुसट झाला आणि तिनं तो परत रंगवायला सांगितला नाही. आणि पुढच्या सर्वपित्रीला तिनं मला हाक मारली. "माझ्याजवळ बस. तुझे डोळे दे मला." तेव्हापासून दरवर्षी मी तिच्या पायरीवर. तेजबहादूरचं नाव झालं की ती विचारायची, "हात कुठे आहेत?"

"गुडघ्यावर."

"दोन्ही?"

"दोन्ही."

अण्णा तसेच बसायचे, दोन्ही तळवे गुडघ्यांवर पालथे, स्वच्छ दिसतील असे. आम्हा दोघींसाठी. मुलीनं बापावर पहारा द्यायचा आणि बापानं तो देऊ द्यायचा, असं आमचं ते तीन वर्षं चाललं. आम्ही एकमेकांशी त्याबद्दल एक शब्द बोललो नाही. एकदा मात्र घरी येताना मी न राहवून म्हटलं, "अण्णा, मी तिला सांगेन गुडघ्यावर आहेत म्हणून. तुम्ही द्या त्याला." ते जिन्यात थांबले. "तिला दिसत नाही म्हणून एकदा दिलं," ते म्हणाले. "आता तिला दिसत नाही म्हणूनच देता येत नाही."

चौथ्या हिवाळ्यात काकू आजारी पडली. घाट धुक्यात, आम्ही शेगडी तिच्या खाटेशी नेऊन ठेवलेली, आई पेज भरवतेय. एका दुपारी तिनं अण्णांना बोलावून घेतलं. मी तिथेच होते. ती म्हणाली, "भावजी, अग्नी तुम्ही द्या, दुसरं कोण आहे. पण दहावं, तेरावं, वर्षश्राद्ध काही नको. पिंड नको, पाणी नको. माझं पाणी माधवच देईल."

अण्णा म्हणाले, "वहिनी, तो..." आणि थांबले.

"तो येईल तेव्हा देईल. तोवर मी थांबीन. शब्द द्या."

तिला कळलं होतं. गेली तीन वर्षं कळलंच होतं, मला शंका नाही. तिनं आपल्या तोंडानं कधी म्हटलं नाही, एवढंच. ज्याला कधीच यायचं नाही त्याच्यासाठी ती मेल्यावरही ताटकळत राहायला तयार होती, कारण तिनं पाणी घेतलं तर तो नाही हे कबूल केल्यासारखं झालं असतं. अण्णांनी आयुष्यभर ज्यांचं कुणी नाही त्यांची तहान भागवली, आणि आता त्यांच्या समोर त्यांची वहिनी तहानलेली राहण्याचा शब्द मागत होती. त्यांनी तिचा हात हातात घेतला आणि शब्द दिला. तीन दिवसांनी ती गेली. अण्णांनी अग्नी दिला, अंघोळ केली आणि घरी येऊन पोथ्या फडक्यात बांधून ठेवल्या.

पुढच्या अमावास्येला मी सवयीनं तिच्याच पायरीवर जाऊन बसले. नावं झाली. तेजबहादूर झाला. मला वाटलं, आता तरी. आता कोण अडवणार. अण्णांचे तळवे गुडघ्यांवर गेले आणि तिथेच राहिले. मी खाली गेले. "अण्णा, काकू गेली. आता दोघांनाही द्या."

"शब्द दिलाय."

"तिला दिलात. माधवला काय दिलंत?"

 त्यांच्या गालांवरून पाणी ओघळलं. माझ्या वडिलांना मी त्या आधी कधी रडताना पाहिलं नव्हतं, आणि त्या दिवशी रडतानाही त्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवला नाही, हात जिथे होते तिथेच राहिले. छावणीतल्या कार्यक्रमाला त्या वर्षीपासून त्यांनी जाणं सोडलं. गाडी घ्यायला यायची, आई तब्येतीचं कारण सांगायची, कोट ट्रंकेत गेला.

अण्णांना जाऊन बरीच वर्षं झाली. मी लग्न होऊन नाशिकला आले, बनारसचं बिऱ्हाड सुटलं. अण्णांचं श्राद्ध चुलतभाऊ करतो, आमच्या घराण्यातले सगळे पितर तो नीट घेतो. ते एकसष्ट त्याला माहीत नाहीत. मला तरी कुठे सगळे आठवतात. दरवर्षी बसून जुळवते, पंधरा-सोळा नावांच्या पुढे जात नाही, जोसेफ, करीमबक्ष आणि तेजबहादूर तेवढे पक्के. बाकीचे कुठे गेले ते कळत नाही, बहुधा अण्णांबरोबरच गेले. नवरा म्हणतो, एवढं मनात आहे तर तू दे की पाणी, हल्ली बायका देतात, गोदावरी समोर आहे. एकदा गेलेही मी. त्या पंधरा-सोळा जणांना दिलं. मंत्र येतो, हात कसा कलता करायचा तेही माझ्याइतकं कुणी पाहिलेलं नसेल. मग माधवदादाची पाळी आली आणि मी पळी खाली ठेवली. काकू कुठेतरी बसली असेल आणि तिला अजूनही दिसत नसेल, तर ती मलाच विचारणार. मी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि उठायची वेळ होईपर्यंत तशीच बसून राहिले.